मोटर यॉटच्या सुखसोयी कशा पारखाव्यात

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे इकडचा माणूस मुंबईला किंवा गोव्याला यॉट, म्हणजे राहण्याची सोय असलेली ऐषआरामी बोट, पाहायला जातो, तेव्हा तो बहुधा पुण्यातील फ्लॅट पाहावा तशी ती पाहतो: बैठकीची खोली केवढी आहे, फरशी कोणती आहे, पलंग किती रुंद आहे, टीव्ही किती इंचांचा आहे. विक्रेत्यालाही हेच हवे असते, कारण धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, सकाळच्या शांत पाण्यात आणि इंजिने बंद असताना या सगळ्या गोष्टी उत्तमच दिसतात. यॉटवरील सुख मात्र वजन, आवाज, पाणी आणि हवा या चार गोष्टींवर अवलंबून असते आणि त्यांपैकी एकही गोष्ट अशा भेटीत नजरेस पडत नाही. म्हणून या लेखात पाहणीचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी बोटीचे धड, इंजिनरूम आणि टाक्या पाहाव्यात, मग केबिन पाहाव्यात आणि सोफ्यांकडे सर्वांत शेवटी वळावे. पुढील विवेचन साधारण १८ ते ३० मीटर लांबीच्या मोटर यॉटला लागू आहे. ती विकत घ्यायची असो, चार मित्रांत मिळून घ्यायची असो किंवा दोन दिवसांपुरती भाड्याने घ्यायची असो, पाहण्याची रीत फारशी बदलत नाही.

आधी शिवसागरावर एक फेरी

मुंबईची वाट धरण्यापूर्वी तापोळा किंवा बामणोली येथून शिवसागर जलाशयात मोटारबोटीची एक फेरी अवश्य करावी. कोयना धरणाच्या या जलाशयातील साध्या प्रवासी बोटीवर ऐषआरामाची कोणतीही सोय नसते आणि नेमक्या त्यामुळेच बोटीचा मूळ स्वभाव तेथे उघडा दिसतो. प्रथम इंजिनाजवळ बसावे, नंतर मध्यभागी यावे आणि शेवटी नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला जावे. इंजिनाची थरथर फळीतून पाठीपर्यंत कशी पोहोचते, डिझेलचा धूर मागच्या बाजूने पुन्हा आत कसा ओढला जातो आणि दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली की टोकाला बसलेला माणूस मध्यभागी बसलेल्यापेक्षा किती अधिक उचलला जातो, हे तासाभरात कळते. बोटवाल्याला आधी सांगून, अंगात लाइफ जॅकेट असतानाच, दोघा-तिघांनी एका कडेला सरकून पाहावे. बोट किती झुकते आणि किती सावकाश सावरते, याचा अंदाज एकदा अंगात मुरला की पुढे यॉटच्या विक्रेत्याला विचारायचे निम्मे प्रश्न आपोआप सुचतात.

जलाशयात शिकता येत नाही ती समुद्राची लांब उसळी. दूरवरच्या वाऱ्याने उठलेली ही लाट स्थानिक वारा पूर्ण पडल्यावरही चालूच राहते आणि नांगरावर उभ्या असलेल्या बोटीला रात्रभर डोलवते. तिचा अनुभव समुद्रावरच घ्यावा लागतो.

यॉट तापोळ्यालाच ठेवता येणार नाही का, असा प्रश्न कोणी ना कोणी काढतोच. २४ मीटर लांबीच्या यॉटची रुंदी सहा मीटरांच्या आसपास असते. तेवढा ऐवज ट्रेलरवर घालून महाबळेश्वरच्या किंवा मेढ्याच्या बाजूने खाली नेण्याचा विचार, ज्याने ते रस्ते पाहिले आहेत, तो करणार नाही. शिवाय उन्हाळ्यात जलाशयाची पातळी बरीच खाली जाते आणि काठचा मोठा भाग कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तेथे लहान बोटच शोभते.

धड आणि वेग

बोटीच्या पाण्यात बसणाऱ्या मुख्य धडाला हल म्हणतात. खरेदीतील पहिला निर्णय हलच्या प्रकाराचा असावा, कारण पुढे कितीही पैसे ओतले तरी तो बदलता येत नाही. एका प्रकारची हल पाणी बाजूला सारत, त्यात बसूनच पुढे जाते. दुसऱ्या प्रकारची हल वेग घेतल्यावर पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत धावते. या दोहोंच्या मधलाही एक प्रकार आहे. पहिल्या प्रकाराला वेगाची नैसर्गिक मर्यादा असते आणि ती पाण्यालगतच्या लांबीवर ठरते. ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले असता मर्यादेचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. पाण्यालगत २० मीटर, म्हणजे सुमारे ६५.६ फूट लांबी असेल, तर हा वेग पावणेअकरा ते अकरा नॉट, अर्थात ताशी सुमारे २० किलोमीटर येतो. सांगलीत कृष्णेच्या पात्रात शर्यतीसाठी उतरणाऱ्या होड्या लांब आणि अरुंद का असतात, याचे उत्तर याच नियमाच्या आसपास सापडते.

ताशी २० किलोमीटर ऐकून अनेकांचा विरस होतो. तथापि सुखासाठी यॉट घ्यायची असेल, तर माझे मत या संथ प्रकाराच्या बाजूने आहे. वेगासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग सव्वापट करायचा तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. सुमारे १,००० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने पूर्ण भाराने चालली, तर ताशी पावणेचारशे लिटरच्या आसपास डिझेल जाते. शिवाय वेगात धावणारी हल लाटेवर आपटते आणि त्या आपटण्यात जेवण, गप्पा किंवा झोप यांपैकी काहीच नीट होत नाही. ज्यांना मुंबईहून अलिबागच्या बाजूला दुपारपुरते जाऊन संध्याकाळी परतायचे आहे, त्यांनी वेगवान प्रकार जरूर घ्यावा. ज्यांना कुटुंबासह चार रात्री बोटीवर काढायच्या आहेत, त्यांनी घेऊ नये.

युरोपात बांधलेल्या २४ मीटरपर्यंतच्या बोटींवर ए, बी, सी, डी या रोमन अक्षरांतील वर्गवारी दिलेली असते. दुसऱ्या वर्गातील बोट वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापाच्या ८ पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटेसाठी, तिसऱ्या वर्गातील बोट ६ पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि २ मीटरपर्यंतच्या लाटेसाठी आखलेली असते. किनाऱ्याने गोव्यापर्यंत जाण्याचा बेत असेल, तर दुसऱ्या वर्गाच्या खाली उतरू नये.

वजन कोठे आहे ते पाहावे

यॉटच्या आराखड्यात मजले चढत जातात तसे मोह वाढतात. सर्वांत वर फ्लायब्रिज, म्हणजे गच्चीसारखा उघडा मजला, त्यावर छप्पर, छपराखाली बार, बारशेजारी जकूझी, म्हणजे स्नानाचे कुंड. उसाची ट्रॉली उंच रचली की उतारावर ती का कलंडते, हे कारखान्याच्या हंगामात आपण सर्वांनी पाहिलेले आहे. येथेही तोच नियम आहे, आणि बोटीखालचा रस्ता तर सतत हलत असतो. १,००० लिटरच्या जकूझीतील नुसत्या पाण्याचेच वजन एक टन होते. ते पाण्याच्या रेषेपासून पाच-सहा मीटर उंचीवर ठेवायचे, तर त्याची भरपाई तळाशी वजन घालून करावी लागते आणि त्या वाढलेल्या वजनाचे डिझेल जन्मभर भरावे लागते. विक्रेत्याला मूळ आराखड्यातील वजन आणि प्रत्यक्ष तयार बोटीचे वजन असे दोन आकडे विचारावेत. जुन्या बोटीवर मागील मालकाने वरच्या मजल्यावर काय काय वाढवले आहे आणि त्यानंतर स्थिरतेची चाचणी पुन्हा झाली आहे का, हेही विचारावे. उत्तर लेखी न मिळाल्यास पुढे जाऊ नये.

दगडाची हौस असेल तर ती भागवण्याचा मार्ग आहे. २० मिलिमीटर जाडीची संगमरवरी फरशी दर चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते, म्हणजे वीस चौरस मीटरला टनाहून अधिक. चांगले बांधणीकार त्याऐवजी चार ते सहा मिलिमीटरचा दगडाचा पापुद्रा अॅल्युमिनियमच्या पोकळ जाळीच्या पत्र्यावर चिकटवून वापरतात. दिसायला तीच फरशी, वजन मात्र तिच्या मानाने फारच कमी. बोटाने वाजवून पाहिल्यास पोकळ आवाज येतो आणि तो येथे चांगल्या बांधणीची खूण असतो.

माणसांचे वजनही वजनच असते. प्रमाणपत्रावर बारा प्रवासी लिहिले असतील, तर वाढदिवसाला पंचवीस माणसे बोलावता येत नाहीत, आणि केक कापताना सगळे एकाच कडेला फोटोसाठी उभे राहिले तर बाराही जास्त होऊ शकतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली बोट उलटली होती. सांगली जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

डोलणे कमी करणारी यंत्रे

डोलणे थांबवण्यासाठी दोन साधने प्रचलित आहेत. पहिले साधन म्हणजे हलच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली बसवलेले पंख. बोट चालत असताना ते उत्तम काम करतात, परंतु नांगरावर उभ्या बोटीत त्यांचा उपयोग व्हायचा असेल, तर ते खास त्यासाठी बनवलेले असावे लागतात. दुसरे साधन म्हणजे जायरो: बंद पेटीत अतिशय वेगाने फिरणारे जड चाक, जे बोटीच्या कलण्याला विरोध करते आणि उभ्या बोटीतही चालते. जायरोला पूर्ण वेग येण्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्याला सतत वीज लागते, म्हणजेच रात्रभर जनरेटर किंवा मोठ्या बॅटऱ्या हव्यात. पाहणीच्या दिवशी आधी यंत्र बंद ठेवून आणि मग चालू करून असा दोन्ही वेळचा अनुभव मागावा. यंत्रावाचून असह्य वाटणारी बोट घेऊ नये, कारण यंत्र कधी ना कधी बंद पडते.

आवाज आणि थरथर

या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. आवाजाने कोणी खरेदी नाकारत नाही, पण घेतलेली यॉट वापरात येत नाही याचे मोठे कारण आवाज हेच असते. मुख्य इंजिनांपेक्षाही जनरेटर अधिक त्रास देतो, कारण इंजिने प्रवासापुरती चालतात आणि जनरेटर रात्रभर चालतो. म्हणून पाहणीत एकदा जनरेटर आणि सर्व वातानुकूलन यंत्रे चालू करायला लावावीत, मुख्य केबिनचे दार लावून घ्यावे आणि पलंगावर पंधरा मिनिटे निवांत पडून राहावे. मोबाइलमधील आवाज मोजणारे अॅप अचूक नसले तरी तुलनेसाठी पुरेसे असते. नांगरावर असताना केबिनमध्ये ५० डेसिबलच्या आत आकडा यावा आणि प्रवासात बैठकीच्या खोलीत तो ६५ च्या फार वर जाऊ नये. १० डेसिबलची वाढ कानाला सुमारे दुप्पट वाटते, हे लक्षात घेतल्यास ५० आणि ६० यांतील फरक किरकोळ वाटणार नाही.

आवाज कोठून येतो हे हाताने शोधता येते. भिंतीवर, पलंगाच्या चौकटीवर आणि जमिनीवर तळहात टेकवून पाहावा. थरथर जाणवली, तर इंजिन व हल यांच्यामधील रबरी बैठका जुन्या झाल्या असाव्यात, किंवा प्रोपेलरचे पाते वाकलेले असावे, किंवा पात्यांचे टोक आणि हल यांतील अंतरच कमी असावे. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त होतात, तिसरी सहसा होत नाही. चांगल्या यॉटवर केबिनची जमीन हलला थेट जोडलेली नसते. मध्ये लवचीक थर देऊन ती तरंगती ठेवलेली असते. इंजिनरूमच्या भिंतींना जड आवाजरोधक पत्रा आणि त्यावर न जळणारा फोम असावा. या भिंतींतून वायर आणि नळ जेथे पार जातात, तेथील फटी बुजवलेल्या आहेत का, हे टॉर्च लावून पाहावे. महागडे पॅनेल बसवून बोटभर फट उघडी ठेवलेली यॉट आढळणे मुळीच दुर्मीळ नाही.

हवा, वीज आणि आर्द्रता

यॉटवरील वातानुकूलन यंत्र हवेऐवजी समुद्राच्या पाण्याने थंड होते. युरोपात बांधलेली पुष्कळ यंत्रे भूमध्य समुद्राचे हवामान गृहीत धरून आखलेली असतात, तर मे महिन्यात मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राचे पाणीच २९ ते ३० अंश सेल्सियसपर्यंत असते. त्यामुळे मिलानच्या माहितीपत्रकात भरपूर वाटणारी यंत्रणा मांडव्याला दुपारी दमते. यंत्रणा उष्ण कटिबंधासाठी आखलेली आहे का, हा प्रश्न विचारावाच. आणि पाहणी शक्यतो एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी, सर्व केबिन बंद ठेवून करावी. डिसेंबरच्या पाहणीत हा दोष लपून राहतो. पाणी आत घेणाऱ्या गाळण्या सहज हाताला लागतात का, हेही पाहावे, कारण शेवाळ, प्लास्टिक आणि शिंपले यांमुळे त्या वारंवार तुंबतात आणि पहिली तक्रार नेहमी ‘एसी बिघडला’ अशी येते.

विजेबाबत एकच सूचना महत्त्वाची आहे. अमेरिकेत बांधलेल्या यॉटवरील उपकरणे बहुधा ६० हर्ट्झ आणि कमी व्होल्टेजसाठी असतात, तर आपल्या धक्क्यावरची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. रूपांतर करणारे यंत्र वेगळे घ्यावे लागत असेल, तर त्याचा खर्च आणि वजन किमतीत धरावे.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर अशा बोटी साधारणपणे वापरात नसतात; त्या पाण्याबाहेर काढून किंवा सुरक्षित खाडीत बांधून ठेवल्या जातात. महाबळेश्वर-पाचगणीकडे घर असलेल्यांना बंद खोलीतील बुरशीचा अनुभव आहेच. यॉटवर ती अधिक वेगाने धरते, कारण गाद्या, गालिचे आणि प्लायवूड हे सगळे खारट दमटपणात कोंडलेले असते. कपाटांची दारे जाळीची किंवा हवा खेळेल अशी असावीत, गादीखाली पट्ट्यांची चौकट असावी आणि चार महिने चालेल असे आर्द्रता शोषणारे यंत्र असावे. चामड्याचे सोफे पाहून मोह झाला, तर पहिला पावसाळा डोळ्यांसमोर आणावा.

पाणी आणि शौचालये

माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडील माणसाला टाकीतील पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. २४ मीटरच्या यॉटवर गोड्या पाण्याची टाकी बहुधा हजार-बाराशे लिटरची असते. आठ पाहुणे आणि तीन कर्मचारी यांनी घरच्यासारखे, माणशी १०० लिटर पाणी वापरले, तर टाकी एका दिवसात रिकामी होते. म्हणून समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र बसवतात, ज्यात सुमारे ५५ ते ६० बार दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. हे यंत्र मुंबई बंदराच्या गढूळ आणि तेलकट पाण्यात चालवायचे नसते. तेल किंवा क्लोरीन लागले की पडदा निकामी होतो. तेव्हा बोट बंदरातच उभी राहणार असेल, तर यंत्रापेक्षा टाकी मोठी असणे बरे.

इंजिनरूममध्ये उतरताना पंपांची जाण असलेला माणूस सोबत न्यावा, आणि असा माणूस आपल्याकडे शोधावा लागत नाही. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या लोक पंपांवर काम करत आले आहेत. यॉट म्हणजे शेवटी पंपांचा मोठा समूह आहे: गोड्या पाण्याचे, एसीच्या पाण्याचे, न्हाणीघरातील सांडपाण्याचे, शौचालयाचे, तळाशी साचलेले पाणी उपसण्याचे. कोणता पंप कोठे आहे, तो काढायला पाऊण तास लागतो की अर्धी बोट उसवावी लागते, सुटे भाग भारतात मिळतात का आणि एक बंद पडला तर दुसरा उभा आहे का, हे त्याने पाहावे आणि तुम्ही लिहून घ्यावे.

शौचालयांसाठी निर्वात दाबावर चालणारी यंत्रणा असेल, तर एका वेळेला सुमारे एक लिटर पाणी पुरते. तिला प्राधान्य द्यावे. मैल्याची टाकी आणि स्नानाच्या सांडपाण्याची टाकी वेगवेगळी असावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. लहान यॉटला तो नियम थेट लागू होत नसला तरी ज्या पाण्यात आपलीच मुले पोहणार आहेत, त्यात तो सोडणारा मालक कोणत्या दर्जाचा, हे सांगायला नियम लागत नाही. दुर्गंधीचे खरे कारण बहुधा टाकीत नसते. जुन्या रबरी नळ्यांत वास मुरतो, म्हणून नळीवर ओले फडके घासून त्याचा वास घ्यावा. ही पाहणी कोणाला आवडत नाही, पण ती चुकवू नये.

स्वयंपाकघर

युरोपीय आराखड्यात स्वयंपाकघर बहुधा बैठकीला जोडून उघडेच ठेवतात, कारण तेथे फोडणी नसते. ज्या घरात मिरचीचा खर्डा आणि तांबड्या रश्श्याचे जेवण होणार आहे, तेथे दार लावता येणारे, बाहेर धूर फेकणारी चिमणी असलेले स्वयंपाकघर घ्यावे. हवा आतल्या आत गाळून सोडणारी चिमणी दोन महिन्यांत पडद्यांना वास लावते. शेगडी विजेची असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. सिलिंडर ठेवायचाच असेल, तर तो डेकवरील स्वतंत्र कप्प्यात, कप्प्याच्या तळातून बाहेर समुद्राकडे हवा जाणाऱ्या जागी असावा. शेगडीभोवती भांडी अडवणारे कठडे, टेबलांना उंच कडा आणि धक्का दिल्यावाचून न उघडणारे खण हवेत. देव्हारा असावा अशी इच्छा असल्यास तो मध्यभागी, खालच्या मजल्यावर करावा आणि निरांजनाऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा.

केबिन आणि डेक

मुख्य केबिन बोटीच्या मध्यभागी, पूर्ण रुंदीची असावी, कारण तेथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. नाळेकडील केबिन छायाचित्रात देखणी दिसते. परंतु लाटांचे तडाखे आणि पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट तिच्याच वाट्याला येतो. घरातील वृद्धांना ती देऊ नये. पलंगावर दोन्ही बाजूंनी चढता येते का, न्हाणीघरात उभे राहिल्यावर डोके लागते का, पायऱ्या किती उभ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला हात धरायला दांडा आहे का, हे साठी ओलांडलेल्या माणसाला सोबत नेऊन पाहावे. नऊवारी नेसलेल्या आजींना चढता येईल असा जिना असेल, तर तो सर्वांनाच चालेल. प्रत्येक केबिनला दाराखेरीज बाहेर पडण्याची दुसरी वाट असलीच पाहिजे. ती झडप स्वतः उघडून पाहावी, कारण पुष्कळदा तिच्यावर सामान रचलेले असते.

डेकवर सागवान सुंदर दिसते आणि ओले असताना घसरत नाही. पण एप्रिलच्या उन्हात अनवाणी चालता येत नाही आणि कृत्रिम सागवान त्याहूनही तापते. म्हणून डेकचा मोठा भाग सावलीत असलेला आराखडा निवडावा. उन्हात पहुडण्यासाठीच्या गाद्या आपल्या हवामानात सकाळी नऊपर्यंतच उपयोगी पडतात.

कर्मचाऱ्यांची जागा

तांडेल, इंजिनवाला आणि खलाशी जेथे झोपतात, ती जागा मालक सहसा पाहत नाहीत. ती अवश्य पाहावी. तेथे एसी पोहोचत नसेल, स्वतंत्र न्हाणीघर नसेल आणि पाहुण्यांच्या खोलीतूनच येजा करावी लागत असेल, तर चांगली माणसे एका हंगामात सोडून जातील आणि यॉटची देखभाल त्यांच्याबरोबर जाईल. भाड्याच्या यॉटवर तर हीच जागा पाहून बोटीची एकूण अवस्था ओळखावी.

कागद, चाचणी आणि करार

नदी, खाडी आणि जलाशयांतील यंत्रचलित बोटींना अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ लागू आहे, तर समुद्रात जाणाऱ्या बोटीची नोंदणी त्याहून वेगळ्या कायद्याखाली होते. महाराष्ट्रात लहान बंदरांचे काम १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. भाड्याने घेताना नोंदणी, चालू वर्षाचे तपासणी प्रमाणपत्र, प्रवासीसंख्या आणि विमा हे कागद आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मागावेत.

इंजिनरूममध्ये आग विझवणारी कायमस्वरूपी यंत्रणा असावी आणि ती, तसेच डिझेलचा पुरवठा, बाहेरून बंद-चालू करता यावा. जीवरक्षक तराफ्याची तपासणीची तारीख वाचावी. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे मोजावीत. ती हमखास कमी असतात.

विकत घेताना बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी, आणि त्याची फी आपण द्यावी, विक्रेत्याने नव्हे. फायबरच्या हलमधील ओल मोजून घ्यावी, तळावर फोड आहेत का ते पाहावे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. इंजिन किती तास चालले यापेक्षा जनरेटर किती तास चालला हे आधी विचारावे. अतिशय कमी तास हे नेहमीच चांगले लक्षण नसते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या बोटीत सील सुकतात, टाक्यांत गाळ साचतो आणि विजेच्या जोडांवर क्षार चढतात.

समुद्रातील चाचणी टाक्या पूर्ण भरून आणि ठरलेल्या संख्येइतकी माणसे घेऊनच करावी, कारण रिकाम्या बोटीचा वेग, आवाज आणि डोलणे या तिन्ही गोष्टी फसव्या असतात. त्या चाचणीत मुख्य केबिनमधील डेसिबल, ठरावीक वेगाला लागणारे ताशी डिझेल आणि भर दुपारी केबिन किती वेळात २४ अंशांवर येते, असे तीन आकडे करारात आधीच लिहून घ्यावेत आणि किमतीचा शेवटचा हप्ता ते आकडे मिळाल्यावरच द्यावा.